शिरेतून दिलेली झोप

इंग्रजीत ज्याला ‘ॲनेस्थेशिया’ म्हणतात, त्याला मराठीत आपण ‘भूल’ म्हणतो. इंग्रजी शब्द १८४६ साली बॉस्टनचे डॉक्टर आणि साहित्यिक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ग्रीक भाषेतून उचलून सुचवला. त्याचा अर्थ ‘संवेदना नसणे’ एवढाच. आपला शब्द त्याहून चतुर आहे. रानात चकवा लागला की भूल पडली म्हणतात. ओळखीच्या वाटेवरच माणूस हरवतो. भूल म्हणजे साधी झोप नव्हे. आपल्याला थोडा वेळ वाटेवरून बाजूला न्यायचे आणि काम झाले की पुन्हा वाटेवर आणून सोडायचे, असा तो व्यवहार आहे. बाजूला नेणे तसे सोपे असते. कस लागतो तो परत आणण्यात.

हा लेख त्या परत आणण्याच्या इतिहासाविषयी आहे, आणि त्यातही केवळ शिरेतून टोचल्या जाणाऱ्या औषधांविषयी. मी डॉक्टर नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय. त्याआधी पीएच.डी.साठी काही वर्षे, एकमेकांना जोडलेल्या टाक्यांमधून द्रव आणि उष्णता कशी वाहते याची समीकरणे सोडवण्यात गेली. पुढे एकदा भूलशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक चाळताना त्यात एक आलेख दिसला. पेंटोथालचे इंजेक्शन दिल्यावर ते रक्तात, मेंदूत, स्नायूंत आणि चरबीत किती वेळाने किती असते, हे दाखवणाऱ्या चार रेषा होत्या. तो माझ्या प्रबंधातल्या आलेखाचा सख्खा भाऊ होता. तेव्हापासून या विषयाने मला जे भुलवले आहे, ते आजतागायत.

आपल्यापैकी ज्यांचे एखादे ऑपरेशन झाले आहे, त्यांना अनुभव आहेच. हातावरच्या शिरेत सुई असते, डॉक्टर दहापासून उलटे अंक मोजायला सांगतात आणि सहा-सातच्या पुढे कुणी जात नाही. जागे झाल्यावर आपण समजतो की औषधाचा अंमल संपला, म्हणजे औषध संपले. प्रत्यक्षात तसे नसते. डोळे उघडतात तेव्हा त्या औषधाचा बराच मोठा भाग शरीरातच असतो. मग जाग येते कशी? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळेपर्यंत शंभरावर वर्षे गेली, आणि त्या काळात काही माणसे परत आलीच नाहीत.

श्वासाची वाट आणि शिरेची वाट

शस्त्रक्रियेआधी रोग्याला मद्य पाजावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. वेदना बोथट करण्याचे असे उपाय सगळ्याच संस्कृतींत होते. पण खात्रीची भूल जगापुढे आली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रोग्याला भूल दिली आणि सर्जन जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्यात धोकाही होता. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली.

तरीही हुंगवून दिलेल्या भुलीत एक मोठी सोय असते. वायू ज्या दाराने आत जातो, त्याच दाराने बाहेर येतो. रोगी फार खोल जातो आहे असे वाटले तर रुमाल बाजूला करता येतो. श्वास चालू असेल तर औषध आपोआप बाहेर पडू लागते. शिरेतून दिलेल्या औषधाला असे दारच नाही. ते धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे. एकदा दिले की पुढे काय होईल ते शरीराच्या हातात. इंजेक्शनने भूल देण्याचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

शिरेत औषध घालण्याची कल्पना मात्र ईथरच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची. रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वी यांनी १६२८ साली दाखवून दिले होते. रक्त फिरत असेल तर शिरेत घातलेला पदार्थही सगळीकडे पोहोचला पाहिजे. हे पाहण्यासाठी १६५६ साली ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर रेन यांनी पक्ष्याच्या पिसाची नळी आणि प्राण्याचे मूत्राशय वापरून एका कुत्र्याच्या शिरेत मद्यात मिसळलेली अफू सोडली. लंडनचे सेंट पॉल चर्च पुढे बांधणारे वास्तुविशारद रेन ते हेच. कुत्रा गुंगला, पण वाचला. गंमत म्हणजे हकीकत लिहून ठेवणाऱ्या रॉबर्ट बॉइल यांनी त्याचे पुढचे चरित्रही सांगितले आहे. कुत्रा लठ्ठ झाला, प्रसिद्ध झाला आणि त्या प्रसिद्धीपायी चोरीला गेला.

पोकळ सुई आणि पिचकारी यांची जोडी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमली. १८७०च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दो येथे प्येर ओरे यांनी क्लोरल हायड्रेट शिरेत टोचून शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. पद्धत रुजली नाही. क्लोरलची गुंगी लवकर उतरत नसे, आणि कमी-जास्त करण्याचा उपाय हाती नव्हता. बाण होता, पण नेम धरता येत नव्हता.

लसणाच्या चवीचे औषध

नेम धरता येईल असे औषध मिळाले ते जर्मन रसायनशास्त्राच्या एका जुन्या घराण्यातून. आडोल्फ फॉन बायर यांनी १८६४ साली बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. त्याच्या अंगी झोप आणण्याचा गुण नव्हता. १९०३ साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी त्याच सांगाड्यावर दोन कर्ब-शाखा बसवल्या आणि झोपेचे औषध मिळाले. या कुळातले शिरेतून देण्याजोगे आणि झटकन चढणारे पहिले यशस्वी औषध म्हणजे १९३२ सालचे जर्मन एव्हिपान.

अमेरिकेत ॲबट कंपनीतले अर्नेस्ट व्होलविलर आणि डोनाली टेबर्न हे दोघे याच मागावर होते. त्यांनी पेंटोबार्बिटाल या ओळखीच्या औषधातला ऑक्सिजनचा एक अणू काढून तिथे गंधकाचा अणू बसवला. एवढ्याशा बदलाने औषध चरबीत सहज विरघळू लागले. मेंदूभोवतीचा पडदा चरबीत विरघळणाऱ्या पदार्थांना सहज वाट देतो. त्यामुळे औषध अर्ध्या मिनिटात मेंदूत पोहोचू लागले. हेच थायोपेंटाल, म्हणजे आपल्या ओळखीचे सोडियम पेंटोथाल. पिवळसर भुकटी, पाण्यात कालवून द्यायची. त्यातल्या गंधकामुळे की काय, सुई टोचल्यावर काही रोग्यांना तोंडात लसणाची किंवा कांद्याची चव जाणवते आणि पाठोपाठ डोळे मिटतात.

८ मार्च १९३४ रोजी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिले. त्याच वर्षी जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन लंडी यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. रोग्याच्या दृष्टीने हा मोठा सुखाचा बदल होता. ईथरचा घुसमटवणारा मुखवटा, हात-पाय झाडणे, दोन माणसांनी धरून ठेवणे हे सारे गेले. एक सुई, आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा जाग. औषध इतक्या लवकर उतरते त्याअर्थी शरीर त्याचा झटपट नाश करत असणार, असे सर्वांनी धरून चालले.

पर्ल हार्बर

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. सुमारे २,४०० अमेरिकन मेले आणि हवाईतली रुग्णालये जखमींनी भरून गेली. पेंटोथाल हाताशी होते, द्यायला सोपे होते. पण ते ज्यांना दिले जात होते ती माणसे धडधाकट नव्हती. त्यांचे पुष्कळ रक्त वाहून गेले होते.

शरीरातले रक्त कमी झाले की शरीर काय करते, हे येथे समजून घ्यायला हवे. हाता-पायांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उरलेले रक्त हृदय आणि मेंदू यांच्याकडे वळवले जाते. घरात धान्य कमी असताना आधी लेकरांच्या ताटात वाढावे, तसे हे आहे. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला तर दोन गोष्टी होतात. थोड्या रक्तात तेवढेच औषध मिसळते, म्हणून ते जहाल होते; आणि त्यातला मोठा वाटा थेट मेंदूकडे व हृदयाकडे जातो. शिवाय पेंटोथाल आवळलेल्या वाहिन्या सैल करते आणि हृदयाचा जोर कमी करते. शरीराने मोठ्या कष्टाने धरून ठेवलेला रक्तदाब क्षणात कोसळतो.

१९४३ साली हॉलफर्ड नावाच्या सर्जनने ‘ॲनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात युद्धातल्या शस्त्रक्रियांसाठी शिरेतून भूल देण्यावर घणाघाती टीका केली. त्यातून पुढे एक दंतकथा तयार झाली: पर्ल हार्बरला जपानी बॉम्बपेक्षा पेंटोथालने जास्त माणसे मारली. ती पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना सांगितली गेली. १९९५ साली बेनेट्स यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’मध्ये मूळ नोंदी तपासून लेख लिहिला. हवाईच्या ट्रिप्लर लष्करी रुग्णालयात ३४४ जखमी दाखल झाले होते आणि त्यांपैकी १३ दगावले. त्यातले पेंटोथालमुळे गेले असतील तर ते थोडेच.

दंतकथा खोटी, पण तिच्या पोटातला धडा खरा. औषधाची मात्रा नुसती वजनावर ठरत नाही. त्या क्षणी रक्त कुठे आणि किती वाहते आहे, यावर ती ठरते. वाईट काय झाले असेल तर एवढेच, की धडा डॉक्टर शिकण्याआधी रोग्यांनी त्याची किंमत मोजली.

हौदांचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेंटोथाल दिलेला माणूस पाच-दहा मिनिटांत जागा होतो, पण रक्तात मोजमाप केले तर ते औषध शरीरातून निम्मे व्हायलाच सुमारे अकरा तास लागतात. दोन्ही आकडे खरे आहेत. मग हिशेब जुळतो कसा?

पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पुण्याला पाणी येई आणि गावातल्या हौदांत ते वाटले जाई. अशी एक वाटणी डोळ्यांपुढे आणा. मुख्य नळ म्हणजे रक्त. मेंदू, हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे मिळून पहिला हौद. त्याचे आकारमान लहान, शरीराच्या वजनाच्या दहावा हिस्सा. पण त्याला जोडलेला नळ प्रचंड जाड, कारण हृदयाने फेकलेल्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच अवयवांना मिळते. दुसरा हौद स्नायूंचा. आकार मोठा, नळ मध्यम. तिसरा चरबीचा. नळ अगदी बारीक, पण औषध चरबीत विरघळणारे असल्याने या हौदाचा तळ लवकर लागत नाही.

इंजेक्शन दिले की पहिला हौद अर्ध्या मिनिटात भरतो आणि माणूस झोपतो. पण नळ जाड असल्याने तो जितक्या वेगाने भरतो, तितक्याच वेगाने रिकामाही होऊ शकतो. दरम्यान स्नायूंचा हौद भरू लागतो, रक्तातली पातळी खाली येते, आणि मेंदूतले औषध उलटे रक्तात उतरू लागते. माणूस जागा होतो. औषध नाहीसे झालेले नसते. ते मेंदूतून निघून मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंत जाऊन बसलेले असते. यकृत नंतर सावकाश त्याचा निकाल लावत राहते. हेन्री प्राइस यांनी १९६० साली हा हिशेब गणिताने मांडला. एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ती सरळ समीकरणे आहेत. कोणत्याही केमिकल किंवा मेकॅनिकल इंजिनियरला ती घरच्यासारखी वाटतील.

यातून एक धोक्याची गोष्ट आपोआप निघते. एकच डोस दिला तर हे छान चालते. पण लांबलेल्या ऑपरेशनसाठी पुन्हा पुन्हा डोस देत गेले तर स्नायू भरतात, चरबी भरू लागते, आणि मग मेंदूतल्या औषधाला जायला जागाच उरत नाही. शेवटच्या डोसनंतरची जाग पाच मिनिटांनी न येता काही तासांनी येते. म्हणजे ‘हे औषध किती वेळ टिकते?’ या प्रश्नाला एक उत्तरच नाही. ‘आतापर्यंत किती वेळ देत आलो आहोत?’ हे आधी विचारावे लागते. १९९२ साली ह्यूज, ग्लास आणि जेकब्ज यांनी संगणकाच्या आधारे वेगवेगळ्या औषधांसाठी हे काळ काढून दाखवले, आणि भूलतज्ज्ञांच्या बोलण्यात एक नवी संज्ञा आली. तिचा भावार्थ ‘प्रसंगानुसार बदलणारा अर्धकाळ’.

काजवा, उंदीर आणि दार

हे झाले औषधाच्या प्रवासाचे. मेंदूत पोहोचल्यावर ते करते काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मायर आणि ओव्हरटन यांना स्वतंत्रपणे आढळले की भुलीचे औषध तेलात जितके जास्त विरघळते तितके ते प्रभावी असते. त्यावरून असे मानले गेले की औषध पेशीच्या चरबीयुक्त आवरणात शिरून ते ढिले करते. ही समजूत जवळजवळ ऐंशी वर्षे टिकली. १९८४ साली लंडनमध्ये निक फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याला उजेड देणारे एक प्रथिन घेतले, त्यात चरबीचा मागमूस ठेवला नाही, आणि भुलीची औषधे त्यावर टाकली. प्राण्यांना भूल पडायला जेवढी मात्रा लागते तेवढ्याच मात्रेने काजव्याचा उजेड मंदावला. म्हणजे औषधाचा हात चरबीवर नव्हे, प्रथिनावर पडतो.

ते प्रथिनही सापडले. आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन आहे; त्याचे काम शांत करण्याचे. ते ज्या प्रथिनावर बसते ते पेशीच्या भिंतीतले एक दार आहे. गाबा बसला की दार उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि ती पेशी काही वेळ संदेश पाठवेनाशी होते. पेंटोथाल, एटोमिडेट आणि प्रोपोफॉल ही औषधे दार अधिक वेळ उघडे राहील असे करतात. २००३ साली शास्त्रज्ञांनी या दाराच्या एका घटकात एकाच ठिकाणी बदल केलेले उंदीर तयार केले. त्यांच्यावर एटोमिडेट आणि प्रोपोफॉल यांचा भूल पाडणारा परिणाम जवळपास नाहीसा झाला. एवढ्या मोठ्या कोड्याची चावी एका अमिनो आम्लात!

पण दार मेंदूतच असते असे नाही म्हणून, किंवा औषध एकच काम करते म्हणून, कुणी निश्चिंत राहू नये. एटोमिडेटची गोष्ट पाहा. १९७०च्या दशकात ते आले ते रक्तदाब सांभाळणारे औषध म्हणून. ते पेंटोथालसारखे हृदयाला दडपत नसे. म्हणून अतिदक्षता विभागातल्या गंभीर जखमींना ते दिवसचे दिवस सलाईनमधून दिले जाऊ लागले. १९८३ साली ग्लासगोच्या लेडिंगहॅम आणि वॉट यांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून कळवले की अशा रोग्यांतले मृत्यू वाढले आहेत. कारण पुढे कळले. एटोमिडेट मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधले कॉर्टिसॉल बनवण्याचे काम थांबवते, आणि मोठ्या दुखापतीत कॉर्टिसॉल नसेल तर शरीर तग धरत नाही. मिनिटभराच्या कामाचे चांगले औषध आठवडाभरासाठी विष ठरले.

डोळे उघडे, घरात कुणी नाही

या सगळ्या कुळाबाहेरचे एक औषध आहे, केटामीन. १९६२ साली मिशिगनमध्ये पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करताना रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते बनवले. १९६४ साली एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिले. ती माणसे जॅक्सन येथील तुरुंगातले कैदी होते. त्या काळी औषधांच्या चाचण्या कैद्यांवर करणे अमेरिकेत सर्रास चाले. आज ते कुणी खपवून घेणार नाही, आणि तेच योग्य आहे.

केटामीन दिलेल्या माणसाचे डोळे उघडे असू शकतात, श्वास चालू असतो, रक्तदाब पडण्याऐवजी थोडा वाढतो, पण शरीराला काय होते आहे याचा त्याला पत्ता नसतो. या अवस्थेला मनाचा शरीराशी संबंध तुटलेली भूल असे नाव पडले. ते सुचवले डॉमिनो यांच्या पत्नी टोनी यांनी. हे औषध गाबाचे दार उघडत नाही. ते ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचे एक दार अडवते. हे १९८३ साली कळले.

१९७० साली अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर ते व्हिएतनाम युद्धात जखमींसाठी वापरले गेले. पर्ल हार्बरच्या धड्याला ते एक उत्तर होते: रक्त गेलेल्या माणसालाही बरेच सांभाळून घेणारे. श्वास बहुधा चालू राहतो म्हणून, जिथे वीज आणि ऑक्सिजन यांचा भरवसा नाही अशा जगभरातल्या छोट्या दवाखान्यांना त्याचा आधार आहे. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. शुद्धीवर येताना पडणारी भयंकर स्वप्ने आणि नशेसाठी होणारा गैरवापर या त्याच्या काळ्या बाजू. २०१९ साली त्याच्याच एका रूपाला अमेरिकेत हट्टी नैराश्यावरचे औषध म्हणून मान्यता मिळाली.

दुधासारखे पांढरे

आज आपल्यापैकी कुणाचेही ऑपरेशन झाले, किंवा पन्नाशीनंतरची कोलोनोस्कोपी झाली, तर शिरेत बहुधा जाते ते प्रोपोफॉल. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली त्याचा गुण लक्षात आला. ते शोधणारे इयन ग्लेन हे मूळचे जनावरांचे डॉक्टर. औषध पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून १९७७ च्या पहिल्या चाचण्यांत ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात दिले. काही रोग्यांना त्या द्रावकाची तीव्र ॲलर्जी आली आणि चाचण्या थांबल्या. कंपनीने आशा सोडली असती तर आश्चर्य वाटले नसते. ग्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने दुसरी वाट काढली. सोयाबीनचे तेल, अंड्याच्या बलकातले लेसिथिन आणि पाणी घुसळून त्यात औषध मिसळले. म्हणून ते दुधासारखे पांढरे दिसते. १९८६ साली ते ब्रिटनमध्ये बाजारात आले, १९८९ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि २०१८ साली ग्लेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

प्रोपोफॉलची खुबी हौदांच्या भाषेत सांगता येते. पेंटोथालप्रमाणे तेही मेंदूतून निघून स्नायूंत जाते. पण त्याच्या बाबतीत मुख्य नळालाच एक मोठी मोरी आहे. यकृत ते अतिशय वेगाने नष्ट करते. म्हणून काही तास देत राहिले तरी जाग लवकर येते आणि डोकेही साफ असते. या गुणामुळे एक गोष्ट शक्य झाली जी माझ्या व्यवसायाला जवळची आहे. ग्लासगोचे गॅव्हिन केनी यांच्या कामातून तयार झालेला ‘डिप्रिफ्यूजर’ हा पंप १९९६ साली युरोपात आला. त्याच्या आत तीन हौदांची समीकरणे भरलेली होती. भूलतज्ज्ञाने रोग्याचे वय आणि वजन सांगायचे आणि रक्तात औषधाची पातळी किती हवी ते सांगायचे. पंप दर काही सेकंदांनी हिशेब करून वेग कमी-जास्त करी. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली नाही. पंप प्रत्यक्ष रक्त मोजत नाही, तो फक्त अंदाज बांधतो, आणि तो अंदाज सरासरी माणसाचा असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावे.

कारण प्रोपोफॉलला उतारा नाही. अफूच्या कुळातल्या औषधांना आहे, व्हॅलियमच्या कुळाला आहे, याला नाही. मात्रा थोडी जास्त झाली तर श्वास थांबतो, आणि ते औषध उतरेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी रोग्याचा श्वास चालवावा लागतो. २५ जून २००९ रोजी गायक मायकेल जॅक्सन यांचा मृत्यू झाला. घरी, निद्रानाशासाठी त्यांना प्रोपोफॉल दिले जात होते. डॉक्टर होते, पण पुरेशी उपकरणे नव्हती आणि त्या क्षणी शेजारी लक्ष ठेवणारे कुणी नव्हते.

परत न आणण्यासाठी

पेंटोथालच्या वाट्याला दुसरेच भोग आले. अर्धवट गुंगीत माणूस खरे बोलतो, या समजुतीने ते पोलीस तपासात शिरले. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीची नार्को चाचणी मराठी वाचकांना आठवत असेल. गुंगीतला माणूस बोलतो हे खरे, पण खरेच बोलतो याची हमी नाही. ५ मे २०१० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून अशी चाचणी घेणे घटनेच्या विरुद्ध ठरवले.

अमेरिकेत त्याहून गंभीर घडले. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्सासमध्ये पहिल्यांदा इंजेक्शनने देहान्त शिक्षा दिली गेली, आणि त्यात पेंटोथाल होते. पुढे ते बनवणारी इथली एकमेव कंपनी उत्पादन इटलीत हलवू पाहत होती. औषध फाशीघरात जाणार नाही अशी हमी तिथल्या सरकारने मागितली. ती देता येईना, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये कंपनीने उत्पादनच बंद केले. मग काही राज्यांनी मुंबईच्या एका कंपनीकडून ते मागवले. एप्रिल २०११ मध्ये त्या कंपनीनेही अशा कामासाठी विक्री करणार नाही असे जाहीर केले. ज्या औषधाचे सारे मोल माणसाला परत आणण्यात होते, ते परत न आणण्यासाठी वापरले गेले, आणि त्यापायी रुग्णालयांनाही मुकले.

शेवटी थोडे व्यवहाराचे. आपले आई-वडील भारतातून इथे येतात, कधी इथेच त्यांचे ऑपरेशन होते. भूल देण्याआधी भूलतज्ज्ञ जे प्रश्न विचारतात, ते या सगळ्या इतिहासातून आलेले आहेत. वजन, वय, हृदय, यकृत, पूर्वी भूल दिली तेव्हा काय झाले, ही सारी हौदांची आणि नळांची चौकशी असते. आई नुसती मान डोलवत असेल तर दुभाषा मागावा; तो मिळतो. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही सांगावीत, ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून गाळू नयेत. आणि उपाशी राहायला सांगितले असेल तर दुधाचा चहा हा पाण्यात मोजत नाहीत. पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते, दुधाला सहा तास लागतात. गुंगीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर ते जिवावर बेतते.

सर्जन कोण, याची आपण खूप चौकशी करतो. त्याचे शिक्षण कुठे झाले, त्याने अशी किती ऑपरेशने केली, हे दहा जणांना विचारतो. उशाशी बसणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळदा बिलावर वाचतो. यापुढे तेही आधी विचारावे. सुटलेला बाण परत बोलावता येत नाही, म्हणूनच तो सोडल्यावर तिथून न हलणारे एक माणूस लागते.